खाडीतलं मस्टर

तर मंडळी, आधी थोडं भांडुपबद्दल. कॉलेजात कुणी "कुठे राहतेस?" विचारलं आणि मी "भांडुप" म्हटलं, की समोरचा म्हणतो, "अच्छा, मुलुंडच्या अलीकडे!" म्हणजे भांडुप नेहमी कशाच्या तरी अलीकडे नाहीतर पलीकडे. ज्यांना जरा जास्त माहिती आहे ते विचारतात, "हायवेवर तो वास येतो, तेच ना?" हो, तेच. ओहोटीच्या वेळी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून जाताना बसच्या खिडकीतून सडक्या अंड्यांसारखा जो वास आत शिरतो, तो आमच्या खाडीच्या चिखलाचा. गंमत म्हणजे त्याच वासात रविवारी पहाटे हौशी मंडळी भांडुप पंपिंग स्टेशनपाशी दुर्बिणी घेऊन उभी असतात, कारण तिथे फ्लेमिंगो दिसतात. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीतही गेला.

या लेखात फ्लेमिंगो नाहीत. ते ज्या चिखलात पाय रोवून उभे असतात, तो चिखल आहे.

झालं असं, की तिसऱ्या वर्षाच्या सेमिनारसाठी आमच्या केमिकलच्या सरांनी विषयांची यादी लावली. कुणाला बायोडिझेल मिळालं, कुणाला हीट एक्सचेंजर. माझ्या रोल नंबरसमोर एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. मराठीत सांगायचं तर, गाळातल्या सेंद्रिय द्रव्यात जिवाणूंचे मेदरेणू कसे टिकून राहतात. ग्रुपमध्ये हशा पिकला. "तुला काय, सॅम्पल घरबसल्या!"

घरी आजीने विचारलं, "ह्या काय गो शिकतंस?" आणि माझी खरी परीक्षा तिथे सुरू झाली. कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे एक पेपर होता, शंभर मार्कांचा. निबंध, पत्रलेखन, समानार्थी शब्द. विज्ञान त्या पेपरात कधी आलंच नाही. आजी मालवणकडची, लग्न होऊन भांडुपला आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तिला सांगायचं तर तिच्या भाषेत सांगायला हवं. व्हायवाला एक्स्टर्नल असतात, त्यांना "यस सर, नो सर" करून गुंडाळता येतं. आजीला नाही.

तर जे तिला ओट्यापाशी उभं राहून सांगितलं, तेच इथे लिहिते आहे.

जिवाणू म्हणजे एक अगदी बारीक पिशवी. पिशवीचं कापड मेदाचं, म्हणजे तेला-तुपाच्या जातीच्या रेणूंचं. ते कापड फार लुळं पडू नये म्हणून आपल्या शरीरातल्या पेशी त्यात कोलेस्टेरॉल घालतात. (हो, तेच, ज्याच्यासाठी बाबांचं तूप बंद झालं.) सगळे नाही, पण अनेक जिवाणू त्याऐवजी दुसरे रेणू वापरतात, त्यांना होपॅनॉइड म्हणतात. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनच्या चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, होपॅनॉइडमध्ये पाच. छत्रीच्या काड्या कापडाला ताण देतात, तसं यांचं काम. आणि या पाच कड्यांना एक शेपूट असतं. त्या शेपटावर ऑक्सिजनचे गट लटकलेले असतात.

जिवाणू मेला की काय होतं? लग्नाच्या पंगतीत होतं ते. जिलबी आधी संपते, मग भजी, मग मसालेभात. शेवटी पानाच्या कडेला काय उरतं? कढीपत्ता आणि चघळलेली शेवग्याची शेंग. चिखलातही पंगत बसलेलीच असते. मेलेल्या जिवाणूतली साखर, प्रथिनं, डीएनए हे सगळं बाकीचे जिवाणू भराभर फस्त करतात. समुद्रात जेवढं सेंद्रिय द्रव्य तयार होतं, त्यातला शंभरातला एक भागसुद्धा गाळात कायमचा गाडला जात नाही. जे उरतं त्यात मेदरेणूंचा वाटा मोठा, कारण ते पाण्यात विरघळत नाहीत आणि त्यांचा कार्बनचा सांगाडा तोडायला महाकठीण. होपॅनॉइड म्हणजे या पंगतीतली शेवग्याची शेंग.

पण नुसतं चिवट असून भागत नाही, जागाही तशी लागते. आणि इथे आमचा वास येतो.

पहिली गोष्ट ऑक्सिजन. तो असेल तर चिवटातलं चिवटसुद्धा हळूहळू संपतं. खाडीच्या बारीक चिखलात ऑक्सिजन वरच्या काही मिलिमीटरमध्येच खलास होतो. त्याखाली जे जिवाणू राहतात, ते ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हायवेवरचा वास तो हाच. तो वास म्हणजे एक पाटी आहे म्हणा ना. खाली ऑक्सिजन नाही, इथे वस्तू टिकतात.

दुसरी गोष्ट चिकणमाती. तिचे कण इतके बारीक आणि चपटे, की त्यांच्या पृष्ठभागाला आणि मधल्या फटींत रेणू चिकटून बसतात आणि खाणाऱ्यांच्या विकरांना तिथे पोचता येत नाही.

तिसरी गोष्ट गंधक. ज्या गाळात लोह कमी असतं, तिथे हायड्रोजन सल्फाइड थेट मेदरेणूंशीच जोडला जातो आणि वेगवेगळे रेणू गंधकाच्या टाक्यांनी एकमेकांना शिवले जातात. टायरच्या रबराला गंधक देऊन पक्कं करतात, ते व्हल्कनायझेशन आपण दुसऱ्या वर्षाला शिकलो. चिखल ते गुपचूप करत असतो, बॉयलरशिवाय. आपल्या खाडीत मात्र दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन आलेलं लोह भरपूर, त्यामुळे बरंचसं गंधक लोहाशीच लग्न लावून मोकळं होतं. आमचा चिखल काळा दिसतो तो त्या लोह-सल्फाइडमुळे.

यानंतर वरून गाळाचे थर पडत राहतात आणि रेणूची पडझड सुरू होते. शेपटावरचे ऑक्सिजनचे गट गळतात, शेपूट थोडं तुटतं, दुहेरी बंध भरून निघतात. शेवटी राहतो तो नुसता सांगाडा. त्याचं नाव होपेन. काही सांगाडे सुटे राहतात. काही एका प्रचंड न विरघळणाऱ्या गोळ्यात अडकतात, त्याला केरोजेन म्हणतात.

आता यातली शोधाची गोष्ट मला फार आवडली. माणसाला आधी प्रेत सापडलं आणि मग जिवंत मालक! फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे गी उरिसाँ आणि पिएर अल्ब्रेख्त हे रसायनशास्त्रज्ञ गाळ आणि खनिज तेल तपासत होते. जगातल्या कुठल्याही गाळात बघावं तर होपेन आहेच. ३० कार्बनचे होपॅनॉइड झाडांमध्ये माहीत होते. मुळात हे नावच 'होपिआ' या राळ देणाऱ्या झाडांच्या कुळावरून आलं. पण गाळातल्या सांगाड्यांना ३५ पर्यंत कार्बन होते. एवढं लांब शेपूट कुठल्या झाडात नव्हतं. मग १९७० च्या दशकात जिवाणूंमध्ये ३५ कार्बनवाला, चार ऑक्सिजन-गटांचा रेणू मिळाला आणि कोडं सुटलं. जगभरच्या गाळात आणि खडकात मिळून असे रेणू किती असतील, याचा त्यांनी अंदाज बांधला. दहा हजार कोटी ते एक लाख कोटी टन! १९९२ मध्ये त्यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला, की पृथ्वीवरचा सर्वांत विपुल नैसर्गिक पदार्थ हाच तर नव्हे?

ज्यांना हाड नाही, शिंपला नाही, डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचा एवढा मोठा मागे उरलेला ऐवज. डायनोसॉरचे सांगाडे म्युझियममध्ये ठेवतात. जिवाणूंचे सांगाडे आपण गाडीत भरतो आणि जाळतो.

कारण केरोजेन खोल गाडलं जाऊन तापलं की त्यातून तेल सुटतं, आणि त्या तेलात हे होपेन जसेच्या तसे उतरतात. आपल्याकडचं उदाहरण घरापासून फार लांब नाही. सागर सम्राट या रिगने १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं, ते बॉम्बे हाय. १९७६ पासून तिथून तेल येतंय. भांडुपच्या डोंगराचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तोच दगड समुद्राखालीही पसरलेला आहे, आणि त्यावर पुढच्या दीडएक कोटी वर्षांत पन्ना नावाचा थर साचला. चिखल, वनस्पतींचे अवशेष, जिवाणू. बॉम्बे हायचं तेल मुख्यतः त्या थरातून सुटलं आणि वर चढून चुनखडकात साठलं. म्हणजे एकेकाळी तिथेही आमच्या खाडीसारखाच चिखल होता. वासही तसाच येत असणार, फक्त नाक मुरडायला कुणी नव्हतं.

इथे एक बारकावा आहे, तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जिवाणू होपॅनॉइड बनवतो तेव्हा कड्यांवरचे दोन विशिष्ट हायड्रोजन एकाच बाजूला असतात. जमिनीखाली लाखो वर्षं तापत राहिलं, की त्यातला एक उलट्या बाजूला जातो, कारण ती मांडणी जास्त स्थिर. वजन तेच, अणू तेवढेच, फक्त वळण वेगळं. त्यामुळे प्रयोगशाळेत सांगता येतं की हा होपेन कच्चा आहे की भाजलेला. कच्चा म्हणजे आजकालच्या जिवाणूचा. भाजलेला म्हणजे खनिज तेलातून आलेला.

"मगे?" आजी म्हणाली. म्हणजे पुढे सांग.

पुढे डांबराचे गोळे. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यावर काळे चिकट गोळे येतात, जुहूलाही येतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मे २०१३ मध्ये गोव्याच्या ९ किनाऱ्यांवरून असे गोळे गोळा केले आणि त्यांचे ठसे तपासले. ठसे म्हणजे हेच, होपेनच्या कुळातल्या पाच कड्यांच्या रेणूंची आपसातली प्रमाणं. प्रत्येक तेलाची ती वेगळी असतात, आणि ऊन-पाणी-जिवाणू यांनी बाकी तेल खाल्लं तरी ही बदलत नाहीत. २०१० आणि २०११ चे गोळे टँकर धुतलेल्या तेलाचे निघाले होते. २०१३ चे ठसे मात्र बॉम्बे हायच्या तेलाकडे बोट दाखवत होते. १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हाही जिवाणूंनी किती तेल खाल्लं ते मोजायला होपेनच वापरला. कारण सगळं खाऊन झालं तरी तो पानात उरतो, आणि त्याच्या तुलनेत बाकीचं किती घटलं ते काढता येतं. जिवाणूंनी बनवलेली वस्तू जिवाणूंनाच पचत नाही, बघा!

आजी हसली. मे महिन्यात गावी गेलं की तिच्याही पायांना ते लागायचं. "आमच्या पायांक लागायचा ता डांबर. खोबरेल चोळून काढूचा लागायचा." पाण्याने जात नाही, साबणाने जात नाही, खोबरेलाने जातं. मेदाला मेद विरघळवतो. लॅबमध्ये गाळातून हे रेणू काढायला आम्ही डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉल वापरतो, म्हणजे तत्त्व आजीचंच, फक्त बाटली महाग.

आता बाबा.

बाबा एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात टर्नर होते. कारखान्याचं नाव देत नाही, आमच्या पट्ट्यात असे कितीतरी होते. १९९२ ला लागले, २००८ ला कारखाना बंद झाला, तेव्हा मी तीन वर्षांची. आता तिथे टॉवर आहे, खाली शोरूम आहे. रिक्षाने जाताना बाबा अजून म्हणतात, "इथे आमचा गेट होता." गेट नाही, भोंगा नाही, तिथे काम केलेल्या माणसांचं नाव कुठे नाही. सोळा वर्षांचा पुरावा म्हणून घरात एक प्रॉव्हिडंट फंडाची फाइल आणि एक व्हर्नियर कॅलिपर आहे.

सेमिनारच्या आदल्या रात्री मी स्लाइड करत होते आणि बाबा मागे उभे राहून बघत होते. त्यांना एक शब्द दिसला, लुब्रिकेटिंग ऑइल. "हे इथे कशाला?" मी सांगितलं, की मशीनला आणि इंजिनाला घालतात ते तेल खनिज तेलाच्या जड भागातून काढतात, आणि होपेन नेमके त्या जड भागात असतात. म्हणून शहराजवळच्या गाळात दोन्ही प्रकारचे होपेन मिळतात. तिथल्या तिथे मेलेल्या जिवाणूंचे कच्चे, आणि तेलातून आलेले भाजलेले. दुसरे दिसले की समजायचं, नाल्यातून तेल आलं.

बाबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जुनं तेल आम्ही डब्यात भरून ठेवायचो. ते भंगारवाला न्यायचा. पण जमिनीवर सांडायचंच. शनिवारी फ्लोअर धुतला की ते पाणी गटारात, गटार नाल्यात." मी म्हटलं, "आणि नाला खाडीत." ते म्हणाले, "म्हणजे आमचं मस्टर खाडीत आहे म्हणायचं."

मी हसले, पण नंतर झोप लागेना. कारण बाबा बरोबर बोलत होते आणि त्यात आनंद मानावा की नाही ते मला कळेना. एका माणसाने सोळा वर्षं हजारांत एक भाग इतक्या अचूकतेने पोलाद कापलं, आणि त्याच्या कामाची मागे राहिलेली सगळ्यात टिकाऊ खूण म्हणजे सांडलेलं तेल? त्याने बनवलेले शाफ्ट केव्हाच भंगारात वितळले असतील. चांगलं काम पचून गेलं, घाण उरली. आणि ती खूणही एकट्याची नाही. भाजलेला होपेन बाबांच्या लेथचा, शेजारच्या कारखान्याचा की हायवेवरच्या ट्रकचा, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. मस्टर आहे, पण त्यावर नावं नाहीत, फक्त हजेरी.

बरं, हजेरी फक्त कारखान्यांचीच लागते असं नाही. आपण सगळेच त्यात आहोत. आपल्या आतड्यातले जिवाणू कोलेस्टेरॉलचं कोप्रोस्टॅनॉल नावाच्या रेणूत रूपांतर करतात. तोही मेदरेणू, तोही गाळात टिकतो आणि सांडपाणी कुठे पोचलं ते दाखवतो. अमेरिकेत काहोकिया नावाचं एक जुनं नगर होतं. तिथली लोकसंख्या कधी वाढली, कधी ओसरली, हे शेजारच्या तळ्यातल्या गाळातल्या याच कुळातल्या रेणूंवरून काढलंय. भांडुपला तर पंपिंग स्टेशनच आहे. पुढेमागे कुणी आमची खानेसुमारी केलीच, तर ती कशावरून होईल ते सुज्ञांस सांगणे न लगे.

गाळ वाचता येतो हे आपल्या महाराष्ट्रानेच दाखवलंय. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळातून २००८ मध्ये सुमारे १० मीटरचा गाळाचा स्तंभ काढला. त्यात साधारण ११ हजार वर्षांची नोंद होती. त्यातले मेदरेणू, खनिजं, परागकण वाचून शास्त्रज्ञांनी सांगितलं, की सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वी इथे पाऊस दीर्घकाळ कमी झाला होता. कुठल्याही बखरीत हे नाही. गाळात आहे.

मग मला वाटलं, आमच्याही चिखलाची नोंद कुणीतरी वाचावी. आणि कुणीतरी म्हणजे कोण?

म्हणून पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी मी हाच विषय मागितला आहे. भांडुपच्या खाडीतून मीटरभर लांबीचा गाळ काढायचा, त्याच्या चकत्या करायच्या, शिसे-२१० या किरणोत्सारी रूपावरून प्रत्येक चकतीचं वय काढायचं (त्याचा अर्धायुकाल सुमारे २२ वर्षं, म्हणजे शंभरेक वर्षांपर्यंत चालतं) आणि प्रत्येक चकतीत कच्चे किती, भाजलेले किती, ते मोजायचं. प्रश्न साधा आहे. एलबीएस मार्गावरचे कारखाने एकामागून एक बंद झाले, त्या वर्षांच्या थरात भाजलेले होपेन उतरतात का? की तोवर रस्त्यावर गाड्या इतक्या वाढल्या, की रेघ चढतच राहते? पहिलं असेल, तर खाडीला थोडी उसंत मिळाली म्हणायची. दुसरं असेल, तर कारखान्यांवर खापर फोडून आपण निवांत बसलो म्हणायचं. उत्तर मला आत्ता माहीत नाही, आणि इंजिनिअरिंगला आल्यापासून पहिल्यांदाच असा प्रश्न हातात आहे ज्याचं उत्तर गाइडमध्ये नाही.

आई म्हणते, चौथ्या वर्षी प्लेसमेंट असतात, चिखलात कशाला शिरतेस. तिचं चुकीचं नाही. घरात एका पगाराची किंमत काय असते ते आम्ही २००८ नंतर बघितलंय. आजीचं म्हणणं, चिखलात उतरताना पायांना खोबरेल लावून जा. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, की २००८ चा थर किती खोल असेल. मी म्हटलं, गाळ किती वेगाने साचतो त्यावर आहे, वीतभर असेल नाहीतर हातभर. त्यांनी कॅलिपर काढून पुसून ठेवलाय, चकत्या मोजायला.

सर म्हणाले, "अभयारण्याचा भाग आहे, आधी वन विभागाची परवानगी आण, मग बघू." अर्ज लिहून झालाय. आपल्या डिपार्टमेंटला गॅस क्रोमॅटोग्राफ आहे, पण त्याला मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला नाही, आणि होपेन फुटल्यावर पडणारा १९१ वस्तुमानाचा तुकडा त्याच्याशिवाय पकडता येत नाही. तेव्हा वाचकहो, कुणाचे काका, मामी, ताई एखाद्या संशोधन संस्थेत हे यंत्र चालवत असतील तर कृपया मला येऊन भेटा. केमिकल, टी.ई., खिडकीजवळचा शेवटचा बाक. गमबूट मी आणते.